नानासाहेबांचा ओटा आणि राष्ट्राचा रस्ता

रस्ता ही राष्ट्राची रक्तवाहिनी आहे, असं नानासाहेबांचं ठाम मत होतं. ती आपल्या ओट्यासमोरूनच वाहावी, एवढीच त्यांची अट होती.

फुलंब्रीच्या पुढं, रस्त्याला चिकटून त्यांचं घर. मोजणीदार म्हणून निवृत्त झाल्यापासून ते ओट्यावर बसून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी नजरेखालून घालत. अशात बातमी आली की नवा महामार्ग गावापासून दोन किलोमीटर लांबून जाणार. म्हणजे ओट्यापुढून जाणार काय, तर शेळ्या.

नानासाहेबांनी अर्ज ठोकला. नवा रस्ता कशाला, जुनाच रुंद करा. मध्यापासून दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास फूट सरकारी जागा मोकळी आहे, मी स्वतः मोजली आहे. मोजली नव्हती. पण तीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला नजर पुरते.

सहा महिन्यांनी मागणी मंजूर झाली. सोमवारी अभियंता पाहणीला येणार, अर्जदारानं हजर राहावं, असं पत्र आलं. रविवारी सकाळी नानासाहेबांनी समोरच्या पंक्चरवाल्या सांडूच्या हातात टेपचं टोक दिलं आणि त्याला रस्त्याच्या मधोमध उभं केलं. एक्केचाळीस फुटांवर टेप ओट्याला टेकला.

"सांडू, टेप ढिला धरला काय रं?"

"टेप ताठ हाय, नाना. ओटाच पुढं आलाय."

तीनदा मोजलं. ओटा तिन्ही वेळा नऊ फूट सरकारातच निघाला.

नानासाहेबांच्या पत्नी चतुराबाई दारात उभ्या होत्या. "जिंदगीभर लोकांचे बांध मोजले. घरचा ओटा नाय मोजला व्हय?"

"घर बांधलं तवा रजेवर होतो," नानासाहेब म्हणाले.

साहेब पाडील तवा पाडील, आज कशाला हात लावता, असं चतुराबाईंनी परोपरीनं समजावलं. पण अर्जावर सही होती, आणि नानासाहेबांची मोजणी आजवर कधी खोटी ठरली नव्हती. त्यांनी कुदळ घेतली. सांडूनं दुकान बंद ठेवून हात लावला. दुपार कलेपर्यंत एकच पायरी उरली. तिच्यावर चतुराबाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"पाच दहाची सिल्लोड," नानासाहेब एस.टी.कडे बघत म्हणाले.

"लेट हाय," चतुराबाई म्हणाल्या.

चहा संपल्यावर पायरीही काढली.

सोमवारी अभियंता श्रीनिवासराव आले. स्वतःचा ओटा स्वतः पाडणारा अर्जदार त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी नानासाहेबांशी हस्तांदोलन केलं आणि मग जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. जुना रस्ता संपूर्ण चौपदरी होणार होता. फक्त गावात घरं दाट, कुणाचं काही पाडायला नको, म्हणून तेवढ्यापुरता गायरानापलीकडून बायपास काढला होता.

"किती लांब?" नानासाहेबांनी विचारलं.

"गावापासून तीन किलोमीटर," श्रीनिवासराव म्हणाले.