गेर पडून नाही राहिला

सकाळी दहा वाजता गाडी धुऊन, पुसून, बोनेटवर हळदीकुंकू लावून शालीकरामजी स्टेअरिंगवर बसले. पहिला गिअर टाकायला गेले, तर गाडीच्या पोटातून लोखंडी खाट फरफटत नेल्यासारखा आवाज आला. गिअर काही पडला नाही. दुसरा टाकून पाहिला, तोच आवाज. रिव्हर्सने तर अशी खरखर केली की अंगणातली कोंबडी उडून भिंतीवर जाऊन बसली.

"गेर पडून नाई राहिला वो," शालीकरामजी म्हणाले.

निर्मलाबाई ओसरीवर नातीची दुपटी घडी करत होत्या. त्यांनी मान वर केली. "मंग टेकचंदले बलावा नं."

"टेकचंद ट्रॅक्टरवाला. त्याले ह्या गाडीचं काय समजते? मी हावो नं."

'मी हावो नं' या शब्दांनी मुर्री गावातल्या त्या घरातला एक पाण्याचा पंप, एक मिक्सर आणि एक शिलाई मशीन आजवर कायमचे गप्प केले होते. निर्मलाबाईंनी दुपटी उचलली आणि त्या आत गेल्या.

चारच्या रेल्वेने लेक डिंपल रायपूरहून येणार होती, दोन महिन्यांच्या पोरीला घेऊन. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं आणि ते सासरीच झालं. शालीकरामजींना ते फार लागलं होतं. नात पहिल्यांदा आजोळी येईल ती आपल्या गाडीतून, आपण चालवलेल्या, असं त्यांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. तिला भाड्याच्या गाडीतून आणायचं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून खानावळीचा डबा पुढे ठेवायचा, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या माणसाची गाडी वेगळी होती, पण माणूस आत्मविश्वासाचा होता. त्याने गिअरच्या दांड्याभोवतीची कातडी टोपी काढली, शालीकरामजींनीही काढली. त्याने आतली एक बोटाच्या पेराएवढी क्लिप अलगद सोडवून तळहातावर ठेवली. शालीकरामजींनी ती पेचकसाने उचकटली. क्लिप टणकन उडाली आणि उघड्या दारातून बाहेर गेली.

बाहेर अंगणभर ताडपत्रीवर नवं धान वाळत होतं. दहा बोरे, म्हणजे दहा पोती तरी असेल.

"काय पडलं जी?" आतून आवाज आला.

"काई नाई," म्हणत शालीकरामजी धानात रांगू लागले.

तेवढ्यात जावई योगराजचा फोन आला. रेल्वे रायपूर सोडून निघाली होती. "बाबूजी, आप हाँफ क्यों रहे हो? गाडी में प्रॉब्लम है तो मैं स्टेशन से टैक्सी कर लेता हूँ."

"गाडी एकदम फस्टक्लास हाये," शालीकरामजी धानात बसून म्हणाले. "तुमी फकत उतरा."

अखेर टेकचंदला बोलवावंच लागलं. त्याने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं आणि ते दोरीला बांधून धानावरून फिरवलं. दोन खिळे निघाले, एक सेफ्टी पिन निघाली, क्लिप निघाली नाही. मग निर्मलाबाई सूप घेऊन बाहेर आल्या. "सरका," एवढंच म्हणाल्या आणि पाखडायला बसल्या. त्यांच्या सुपातून आजवर खडा सुटला नव्हता, क्लिप कुठे सुटणार. दीड तासाने ती सुपाच्या काठाशी वाजली.

शालीकरामजींनी ती जागच्या जागी बसवली, टोपी चढवली, आणि मोठ्या थाटात गिअर टाकला. खाट पुन्हा फरफटली.

आता खालूनच पाहायला हवं होतं. दाराबाहेर पाय आणि स्टेअरिंगखाली डोकं, असे ते आत शिरले, जरा वळले, आणि कमरेत अशी कळ आली की पुढेही जाता येईना नि मागेही. नाक मॅटला टेकलं होतं. त्या नाकासमोरच, क्लचच्या खाली, मॅट फुगलेली दिसली. त्यांनी हात घातला. आतून घडी केलेला गोणपाटाचा बोरा निघाला. क्लच पूर्ण दाबलाच जात नव्हता, तर गिअर पडणार कसा?

"हा बोरा अठी कोनं ठेवला?"

निर्मलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "मीनं."

"कायले?"

"टाचेखाली घेतो मी त्याले, पाय पुरत नाई मनून. काल तुमी नहरावरून लवकर आले. फटफटीचा आवाज आयकून घाईघाईनं पुढं सारला, तो मॅटखाली गेला असन."

"तू गाडीत काय करत होती?"

"चालवत होती."

टेकचंद उगाच आभाळाकडे पाहू लागला.

"अंगनवाडीच्या दुर्गेश्वरीनं शिकवलं," निर्मलाबाई म्हणाल्या. "उनाळ्यात तुमाले रस्त्यात चक्कर आली होती. तुमी स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसले, अना मी बाजूले बसून नुसती तुमाले हाका मारत होती. दुसरं काई येतच नव्हतं मले. तवाच ठरवलं."

शालीकरामजींना राग यायला हवा होता. पण ज्याचं डोकं पेडलपाशी आणि पाय अंगणात आहेत त्याला धड रागावता येत नाही. शिवाय बायको सहा महिने ती भीती एकटीच घेऊन बसली होती आणि आपण चक्कर विसरूनही गेलो होतो.

"आधी मले बाहेर काढ," ते हळूच म्हणाले.

"ट्रॅक्टर आनू काय?" टेकचंदने मनापासून विचारलं.

ट्रॅक्टर लागला नाही, पण शालीकरामजी बाहेर आले ते निम्मे वाकलेलेच. क्लच दाबायचं नाव काढताच कळ उठत होती. साडेतीन वाजले होते. दोघांनी मिळून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. निर्मलाबाईंनी पदर खोचला, चपला काढल्या, बोरा टाचेखाली नीट घेतला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

गोंदिया स्टेशनच्या बाहेर डिंपल पोरीला छातीशी धरून उभी होती. गाडी समोर येऊन थांबली तरी ती स्टेअरिंगकडे पाहतच राहिली. "आई, तू? तुले कोनं शिकवलं?"

निर्मलाबाईंनी आरशातून मागे पाहिलं. "तुह्या बाबूजीनं. दुसरं कोन शिकवन?"

शालीकरामजींनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण डिंपलने त्यांच्या मांडीवर नात ठेवली आणि ते राहूनच गेलं. पोरीने त्यांचं बोट धरून ठेवलं. कंबर दुखायची थांबली, असंही त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

योगराज पुढे बसला. बाजारातली गर्दी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, तेव्हा शालीकरामजींना राहवेना.

"दुसरा टाक आता."

"टाकला," निर्मलाबाई म्हणाल्या.

"मंग आवाज काऊन नाई आला?"

"आवाज आला पायजे काय?"

शालीकरामजींनी यावर विचार केला. मग नातीकडे पाहिलं. ती गाढ झोपली होती. आपण चालवत असताना या गाडीत आजवर कोणालाच झोप लागली नव्हती, हे त्यांनी कबूल केलं, पण मनातल्या मनात.