सिंधुबाईंची काळी तुळस

रामेश्वरच्या यात्रेला निघताना सिंधुबाईंचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, आणि ती म्हणजे मागच्या अंगणातली तुळस. सासूबाईंनी लावलेली, तिच्याच बियांतून पुन्हा पुन्हा उगवून आलेली. मे महिन्याच्या उन्हात सतरा दिवस तिला पाणी कोण घालणार?

"काकू, तुम्ही बिनघोर जा. मी आहे ना!" वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गोरक्ष जिन्यातूनच म्हणाला.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण जूनमध्ये त्याचा अकरा महिन्यांचा करार संपत होता, आणि तो पुढे वाढवायचा का, यावर सिंधुबाई "आल्यावर बघू" एवढंच म्हणाल्या होत्या. पंचवटीत दोन खोल्या, नळाला दोन्ही वेळ पाणी, ऑफिस सायकलवर दहा मिनिटं. असं घर हातचं गेलं असतं, तर कुठे जाऊन पडावं लागलं असतं देव जाणे. म्हणून गोरक्षनं अंगणाची किल्ली मागून घेतली. वर, आपण पाटबंधारे खात्यात आहोत, पाण्याचं आपल्याला सांगू नका, असंही ऐकवलं. (खात्यात तो हजेरीपट सांभाळायचा. पण सिंधुबाईंना ते कुठे माहीत!)

पहिल्या दिवशी वृंदावनातली माती ओलीच दिसली. दुसऱ्या दिवशी वर्ल्डकपची मॅच होती. ती आपण हरलो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी त्याचं मन कशातच लागेना. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, आता एकदम दोन तांबे घालू, म्हणजे भरपाई होईल. मग ते दोनाचे चार झाले, चाराचे आठ. हिशेब तोंडपाठ होता, तांब्या तेवढा भरायचा राहिला. बायको उज्वला निफाडला माहेरी गेलेली. ती दर रविवारी फोन करून विचारायची, "तुळशीला पाणी घालताय ना?"

"अगं, हे काय विचारणं झालं?" असं तो म्हणायचा, आणि तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं.

सोळाव्या दिवशी उज्वला परत आली आणि त्याच संध्याकाळी सिंधुबाईंचा मद्रासहून फोन आला की गाडीत बसतोय, परवा सकाळी पोहोचतो. गोरक्ष धावत अंगणात गेला. वृंदावनात केरसुणीच्या चार काड्या खोचाव्यात तसं काहीतरी उभं होतं.

"खरं सांगून टाका," उज्वला म्हणाली. "बोलतील चार शब्द. ऐकून घ्या."

"आणि घर?"

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, नर्सरीतून सगळ्यात टवटवीत, हिरवंगार रोप आणलं आणि वृंदावनात लावून वर तीन तांबे पाणी ओतलं. इतकी मेहनत त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच केली होती.

सिंधुबाई आल्या त्या चप्पल काढून थेट अंगणात. गोरक्ष मागोमाग. बाई वृंदावनापुढे उभ्या राहिल्या, वाकल्या, एक पान चुरगाळून वास घेतला.

"ही माझी तुळस नाही."

"काकू, असं कसं..."

"माझी कृष्णतुळस होती, काळी. देठसुद्धा जांभळे. ही तर पांढरी, रामतुळस."

इतके महिने रोज खिडकीतून दिसणाऱ्या झाडाला काही रंग होता, हे गोरक्षला आत्ता कळत होतं. कबूल करायला ती वेळ अगदी योग्य होती. उज्वलानं कोपरानं ढोसलंही. पण गोरक्षच्या तोंडून निघालं, "तेच तर सांगणार होतो. पाचव्या दिवसापासून आपोआप रंग बदलायला लागला."

"पाचव्या?" सिंधुबाईंनी बोटं मोजली. त्यांचे डोळे भरून आले. "अहो, पाचव्याच दिवशी आम्ही रामेश्वराचं दर्शन घेतलं! मी तिथे रामाच्या देवाला हात जोडले आणि इथे माझ्या कृष्णतुळशीची रामतुळस झाली!"

दुपारपर्यंत गल्ली लोटली. नारळ फुटले, हळदकुंकवाचा सडा पडला. साक्षीदार एकच असल्यामुळे गोरक्षला वृंदावनाशेजारी खुर्ची मिळाली. समोरच्या अक्काबाईंनी मात्र डोळे बारीक करून विचारलं, "पानं आधी गळली व्हती का तशीच रंगली?"

"तशीच. आधी कडेनं."

"आन् तू काय करीत होता?"

"पाणी घालत होतो."

"रोज?"

"रोज."

उज्वला आत निघून गेली. चार दिवसांत गोष्टीत पहाटेचा सुगंध आला, आठव्या दिवशी मंद उजेडही आला. ऑफिसातले साहेब सहकुटुंब येऊन गेले. कराराची आता काळजीच नको, असं गोरक्ष उज्वलाला रोज सांगू लागला. लाज वाटायची, नाही असं नाही, पण जेवणानंतर उतरायची.

महिनाअखेरीला सिंधुबाई स्वतः पेढे घेऊन वर आल्या. गोरक्षनं पेन काढूनच ठेवलं होतं.

"गोरक्ष, कराराचं बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगणात देव उतरला. आता वरती पंख्याखाली मॅच बघत बसणं बरं दिसतं का? भजनी मंडळाच्या बायका म्हणतात, वरच्या दोन खोल्या भजनाला द्या. मला बाई त्यांचं मन मोडवेना. पंधरवड्यात मोकळ्या करून द्याल ना? तुम्हीच तर साक्षीदार, तुम्ही काय नाही म्हणणार!"

गोरक्षनं तोंड उघडलं. खरं सांगावं तर घर जात होतं, न सांगावं तरी जात होतं. त्यानं तोंडात पेढा टाकला.

"आणि दुसरं घर मिळायची काळजी करू नका," सिंधुबाई उठता उठता म्हणाल्या. "मी स्वतः येऊन सांगेन मालकाला. इतका लक्ष देणारा भाडेकरू शोधून सापडायचा नाही म्हणावं."

"सांगा काकू," उज्वला ट्रंक खाली ओढत म्हणाली. "फक्त घर असं बघा, की अंगणात फरशीशिवाय काही नसेल."