सतराव्या मजल्याची फत्ते अर्थात विजयमालाबाईंची बँकॉकस्वारी

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मुक्काम जयपूर, पेठ तिलक नगर येथील खटावकर घराण्याने परमुलखी जाऊन जो पराक्रम केला, त्याचे साद्यंत वर्तमान पुढील पिढीस ठाऊक असावे म्हणोन लिहिले आहे. कथन करणाऱ्याने पदरचे काही घातले नाही. दोन ठिकाणी घातले, ते चहा उत्तम होता म्हणोन.

राजश्री आनंदराव खटावकर हे बँकेच्या दौलतीतील नामांकित अंमलदार. बत्तीस वर्षांत अकरा बदल्या जाहल्या आणि अखेरची जयपुरी होऊन तेथेच निवृत्त जाहले. सौभाग्यवती विजयमालाबाई विमा कचेरीत होत्या. प्रत्येक बदलीमागे त्यांनी अर्ज करोन आपलीही बदली मागोन घेतली, आणि त्यापायी तीन वेळा बढती सोडिली, आणि अकरा शहरी पडदे कापोन नव्या खिडक्यांस बसविले. मात्र बाईंचे स्वतःचे नावे घर म्हणोन एक वीट नव्हती. तिलक नगरीचा वरचा मजला, जेथोन बिर्ला मंदिराचे शिखर दिसे, तोही भाड्याचा.

त्यांची कन्या हर्षाली जोहरी बाजारात माणिक-नीलम पारखावयास शिकली आणि त्या विद्येच्या बळावर नऊ वर्षे बँकॉकी चाकरीस होती. तेथे चार वर्षांत तिसऱ्या घरमालकाने जागा खाली करण्याची ताकीद दिली. तेव्हा कन्येने फोनवर वर्तमान कळविले, ते ऐसे: “आई, आता पुन्हा खोकी भरायची ताकद नाही माझ्यात. नोकरी सोडते आणि जयपूरला येते.”

बाईंनी ऐकिले आणि गॅस बंद केला. मग दिवाणखान्यात येऊन हुकूम फर्माविला की, आपल्या निवृत्तीचे द्रव्य वेचोन आपल्याच नावे बँकॉकी घर घेणे. खोकी भरण्याचे हे शेवटचे. सबब ऐकिली जाणार नाही.

आनंदराव बहुत खफा जाहले. त्यांचा मनसुबा जवाहर नगरात लहानसे घर घेण्याचा होता. रदबदली केली की, जेथील पाटी वाचता येत नाही तेथे घर घेणे हे कोणते शहाणपण? बाई ढळल्या नाहीत. मग रावांनी जाहीर केले की, मी यात नाही. आणि त्या दिवसापासोन या मोहिमेची गोष्ट निघाली की राव वर्तमानपत्र उघडीत. तेच वर्तमानपत्र दिवसातून चार वेळा वाचले गेले.

आता त्या मुलखाचा कायदा ऐसा की, परदेशीयास जमीन मिळत नाही. उंच इमारतीतील सदनिका मात्र घेता येते, तीही परदेशीयांचा एकूण वाटा निम्म्याहोन कमीच राहील या शर्तीवर. हर्षालीने पाच आठवडे हिंडोन जी इमारत पसंत केली, तेथे परदेशीयांच्या वाट्यातील एकच सदनिका शिल्लक होती, सतराव्या मजल्यावर. तिजवर आणखी एका परमुलखी गृहस्थाचा डोळा होता. विकणाऱ्या बाईने तीन आठवड्यांची मुदत दिली आणि बजाविले की, तिसरा शुक्रवार टळला तर घर त्यास जाईल.

दुसरी शर्त त्याहोन बिकट. पैसा परदेशातोनच यावा, ज्याच्या नावे घर त्याच्याच खात्यातोन यावा, आणि घरखरेदीसाठी आला ऐसे कागदावर स्वच्छ लिहिलेले असावे. सबब विजयमालाबाई खाशा बँकेवर चालोन गेल्या. तेथे नंदकिशोरजी नामे अंमलदार बसले होते. त्यांनी कागद पाहोन सांगितले की, पासपोर्टातील नावात इंग्रजी ‘ए’ एक कमी आहे, सबब विजयमाला त्या या नव्हेत. मग बाई नोटरीच्या कचेरीत गेल्या, प्रतिज्ञापत्र केले, आणि आपण आपणच आहो हे शिक्क्यानिशी सिद्ध करोन चौथ्या दिवशी परतल्या. या चढाईत रिक्षाने उन्हातान्हात हिंडोन त्यांचा घसा बसला, तरी माघार घेतली नाही.

नंदकिशोरजींनी संतोषोन अर्ज भरिला. बाईंनी सही करण्याआधी चष्मा लाविला आणि पाहतात तो कारणाच्या रकान्यात कुटुंबाचा निर्वाह ऐसे लिहिलेले.

“माताजी, बेटी वहीं रहती है ना? मतलब, घरखर्च ही हुआ,” नंदकिशोरजी समजुतीने बोलिले.

“भैया,” बाई बसलेल्या घशाने म्हणाल्या, “घरखर्च नहीं. घर.”

नंदकिशोरजींनी बाईंकडे पाहिले, आणि कागद फाडिला, आणि नवा अर्ज काढोन प्रत्येक अक्षर विचारोन लिहिले. पहिला कागद जसाच्या तसा गेला असता तर पुढे घर नावे होण्यास हरकत आली असती, हे हर्षालीने मागाहोन सांगितले, तेव्हा बाईंनी दोन पेले पाणी घेतले.

मग सांगानेरच्या विमानतळावरोन स्वारी निघाली. आनंदरावही निघाले. बॅगा जड आहेत, उचलावयास कोणी हवे, इतकेच कारण त्यांनी जाहीर केले.

मुदतीच्या शुक्रवारी सकाळी सर्वजण तेथील जमीन कचेरीत हजर जाहले. कागद मांडिले गेले, शिक्के तपासिले गेले, आणि सर्व यथास्थित दिसत असता अंमलदारीणबाईंनी मान वर करोन काही विचारिले. हर्षालीचा चेहरा उतरला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “त्या विचारताहेत, नवऱ्याची संमती आहे का? तुमची सही लागेल.”

आठ आठवडे जे यात नव्हते ते एका प्रश्नात मध्यभागी आले. विजयमालाबाईंनी रावांकडे पाहिले नाही. त्या टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहत राहिल्या.

आनंदराव उठले. खुर्ची पुढे ओढिली.

“हर्षे, त्यांना सांग,” ते म्हणाले, “माझ्या अकरा बदल्या झाल्या. एकदाही हिची संमती कुणी विचारली नाही. मीसुद्धा नाही.” मग म्हणाले, “सही कुठे करू ते दाखव.”

हर्षालीने यातील किती भाषांतर केले ते ठाऊक नाही. रावांनी मात्र बँकेच्या सवयीने तो अवघा थाई मजकूर, ज्यातील एक अक्षर कळत नव्हते, बोट फिरवीत अखेरपर्यंत पाहिला, आणि एका ठिकाणी मान हलविली, आणि मग सही केली. विजयमालाबाईंनी त्यांस आपला रुमाल दिला. राव म्हणाले, घाम आहे. कचेरीत थंड हवा बहुत होती.

येणेप्रमाणे शुक्रवारी, दोन प्रहरांच्या आत, सतरावा मजला सर जाहला. प्रतिस्पर्धी गृहस्थ अन्य इमारतीकडे वळले. हर्षालीने खोकी उघडिली आणि रिकामी खोकी खाली नेऊन टाकिली, एकही जपोन ठेविले नाही.

सायंकाळी इमारतीच्या दरवाजावर पहारेकऱ्याने नोंदवही पुढे केली. त्या मुलखाचा दस्तूर ऐसा की, घर विकत घेतले तरी राहण्याचा परवाना पाहुण्याचाच, ठरल्या दिवसांचा. विजयमालाबाईंनी वही जवळ ओढिली. पहिल्या रकान्यात लिहिले: मालक, विजयमाला आनंदराव खटावकर. शेजारच्या रकान्यात लिहिले: मुक्काम, एकोणीस दिवस. दोन्ही रकाने सारख्याच ठसठशीत अक्षरांत भरिले, आणि लिफ्टकडे चालू लागल्या. फत्ते जाहली, ती येथे रुजू केली असे.