तेहतिसावा गट

लक्ष्मणरावांनी गोळी गिळली आणि पेला खाली ठेवला, तेवढ्यात आनंदराव बगलेत वही मारून दुकानात शिरले.

"घेतली का गोळी?"

"आत्ताच घेतली. काहून?"

आनंदराव गादीवर टेकले, टोपी काढली आणि नुसतंच म्हणाले, "अरे बाप्पा!"

सिहोऱ्यात कापडाचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव तसे जन्माचे भित्रे. 'अरे बाप्पा' एवढ्यावरच ते उठून उभे राहिले.

हत्तीपायाच्या तापावर एक नवी गोळी निघाली होती आणि तिची परीक्षा सिहोऱ्यात चालू होती. वर्षभर दोनशे चाळीस लोकांना गोळ्या दिल्या. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी खडूची. कोणाला कोणती, ते नागपूरच्या बंद पाकिटात. परवा पाकीट फुटलं. खरी घेणाऱ्या एकशे वीसांपैकी अठरा जणांना ताप आला होता, खडूवाल्यांपैकी एक्केचाळीस जणांना. गोळी गुणाची ठरली, म्हणून यंदा सगळ्यांनाच खरी. याद्या उतरवायला डॉक्टरीणबाईंनी निवृत्त तलाठी आनंदरावांना घेतलं होतं. आणि आयुष्यभर रकाने आखलेला माणूस यादी नुसती उतरवून थोडाच थांबतो!

"मी बसल्या बसल्या लोकायचे गट पाडले," आनंदराव वही उघडत म्हणाले. "पन्नाशीच्या वरचे, पान खाणारे, बोडीच्या तळ्याजवळच्या विहिरीचं पाणी पेणारे पुरुष. झाले अकरा. त्यातल्या सहा जणायले खरी गोळी होती, चौघायले ताप! पाच जणायले खडू होता, ताप एकाले. म्हंजे या लोकायले गोळी उलटते."

लक्ष्मणरावांनी नुकतंच पान तोंडात टाकलं होतं. ते चावायचं थांबलं.

"मी पन्नाशीचा कुठं झालो?"

"बावन. मतदार यादी मीच लिवली होती."

"पन मले तं सालभर काहीच झालं नाई!"

"तुले खडू होता. खरी आज गेली पोटात."

लक्ष्मणराव मागच्या दारी धावले. पान थुंकलं, घशात बोट घातलं, पण गोळी काही बाहेर आली नाही. आज पान सोडलं तर गटातून सुटका होते का, असं त्यांनी ओकतच विचारलं. आनंदरावांनी गंभीरपणे वही चाळली आणि तसा रकाना नसल्याचं सांगितलं.

शकुनबाईंनी नवऱ्याचा पांढराफटक चेहरा पाहून कढत चहा दिला. लक्ष्मणरावांनी तो दोन घोटांत संपवला. आनंदरावांकडे नोंदीसाठी दिलेला थर्मामीटर होता, तो त्यांनी लगेच लक्ष्मणरावांच्या जिभेखाली सारला आणि उजेडात धरून वाचला.

"एकशे तीन!"

लक्ष्मणराव भिंतीला धरून खाली बसले. त्यांना पाय जड वाटू लागले. डावा जरा जास्तच. धोतर वर करून ते दोन्ही पिंढऱ्या सुतळीनं मोजायला लागले.

"आत्ता चहा पेला ना जी," शकुनबाई म्हणाल्या. "तोंडच कढत होतं, कांडी काय थंडी दाखवन?"

बाईंचं म्हणणं बरोबर होतं. पण तोवर दुकानात कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कापड टाकून पळालं होतं आणि 'लक्ष्मणराव गोळीनं फणफणून राहिले' ही बातमी बाजारभर झाली होती.

दुपारपर्यंत गटातले उरलेले दहा जण ओसरीवर जमले. त्यातले मारोतराव घरचा पानाचा डबा विहिरीत टाकून आले होते, त्यामुळे विहिरीचं पाणी पिणाऱ्या बायका त्यांच्या मागे भांडत आल्या. दवाखान्यापुढची रांग पांगली. रंभाबाई तर तिशीची, पानाला न शिवणारी, तरी तिनंही गोळी परत केली. "माह्या घरवाला खाते. एका चुलीचं जेवतो आमी!"

सुलोचनाबाई लांजेवार, नुकतीच पदवी घेऊन आलेली डॉक्टरीण, सायकलवरून आली तेव्हा लक्ष्मणराव खाटेवर निजून सगळ्यांचा निरोप घेत होते. तिनं थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव. मग वही पाहिली.

"आनंदराव, हा गट सापडायच्या आधी किती गट पाडून पाहिले?"

"बत्तीस!" आनंदराव अभिमानानं म्हणाले. "मिशीवाले, बिनमिशीवाले, बैलजोडीवाले, उत्तरेकडं दार असनारे... कायीच निघे ना. तेहतिसाव्याले निघालं!"

"डोळे मिटून आंब्यावर तेहतीस गोटे मारले आणि एक आंबा पडला, तर तुम्ही नेमबाज झालात का?"

लक्ष्मणराव कोपरावर उठले.

"गट आधी ठरवायचा, पाकीट मागून फोडायचं," बाई म्हणाली. "आणि अकरा माणसांत दोन-चार जण इकडचे तिकडे नुसत्या योगायोगानंही होतात. पान खाणाऱ्यालाच गोळी का उलटावी, याचं काही कारण तरी हवं ना? सगळे दोनशे चाळीस बघा. तिथं गोळी चांगली आहे."

"पन चौघायले ताप तं आलाच ना?" लक्ष्मणरावांनी घाबरतच विचारलं.

"तुकडे पाडले की काहीही दिसतं. हे बघा." तिनं नोंदवही मांडीवर घेतली. "खरी गोळी घेणारे तुमच्यातले सहा. नोंदवहीतला नंबर विषम असलेले दोघं, त्यांना ताप नाही. सम नंबरवाले चौघं, चौघांनाही ताप! आता काय, गोळी नंबर वाचते?"

ती हसली. हसणारी ती एकटीच होती.

मारोतरावांनी हळूच विचारलं, "बाई, माह्या नंबर किती हाय जी?"

"माह्या?" "आन माह्या?"

"अठ्ठ्याऐंशी," आनंदरावांनी लक्ष्मणरावांना सांगितलं. लक्ष्मणराव पुन्हा आडवे झाले.

सकाळी दवाखान्यापुढं अख्खं गाव उभं होतं. गोळी घ्यायला सगळे तयार, पण विषम नंबरावर. बाईनं तासभर समजावलं. आंब्याचा दाखला तीनदा दिला. लोकांनी माना डोलवल्या आणि विषम नंबर मागितला. तापाचे दिवस तोंडावर आले होते. शेवटी तिनं नवी नोंदवही काढली आणि एक, तीन, पाच असे नंबर घालत गेली. सगळ्यांनी समोर उभं राहून गोळी गिळली. लक्ष्मणरावांना एकशे पंच्याहत्तर मिळाला. त्यांनी तो तीनदा वाचून घेतला, मग पेला उचलला. त्या हंगामात सिहोऱ्यात ताप फारच थोड्यांना आला आणि बाईनं समाधानानं नोंदवही नागपूरला पाठवली.

पंधरा दिवसांनी तिथून लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट आलं. बाईनं ते उभ्या उभ्याच फोडलं, आणि मग खुर्ची ओढून बसली.

'आपल्या नोंदवहीतील शेवटचा क्रमांक चारशे एकोणऐंशी आहे. त्यांपैकी दोनशे एकोणचाळीस रुग्ण नोंदीतून नाहीसे झालेले दिसतात. ते सर्व सम क्रमांकाचे आहेत. गोळीनंतर त्यांचे काय झाले, याचा खुलासा घेऊन समक्ष हजर राहावे.'