जाळीला अस्तर

सूनबाई ऑफिसातून घरी आली ती वीतभर लांबीची, नळकांड्यासारखी एक पोलादी जाळी घेऊन, आणि तिने ती धुऊन गॅलरीत वाळत ठेवली. ती पावसाळी गटारांच्या विभागात इंजिनिअर होती आणि रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यात गाळ किती, हे मोजणं तिचं काम. दोन वर्षं साहेबांच्या मागे लागून तिने त्यासाठी एक यंत्र मिळवलं होतं. गटाराचं पाणी चढलं की ते नळीने आपोआप पाणी ओढून बाटली भरायचं, माणसाने भिजायला नको. नळीच्या तोंडाशी ही जाळी बसायची.

साहेबांचा मात्र यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी तीन पावसांची मुदत दिली होती. हाताने भरलेल्या बाटलीतला गाळ आणि यंत्राच्या बाटलीतला गाळ जुळला तर ठीक, नाहीतर यंत्र कंपनीकडे परत आणि सूनबाई परत तक्रारींच्या टेबलावर. पहिल्याच पावसात जाळीच्या भोकांतून पालापाचोळा शिरला आणि नळी तुंबली. पुन्हा काही अडकलं तर माझं काही खरं नाही, असं म्हणून ती जेवणावरून अर्धपोटी उठली.

सासऱ्यांना ते बघवेना. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. अस्तर नसलेली वस्तू त्यांना उघडी वाटायची. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. सून आंघोळीला गेली तशी त्यांनी जाळी फिरवून उघडली आणि आतून मापात एक कापडी थैली बसवून टाकली. बाहेरून पत्ता लागत नव्हता. विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

दुसरा पाऊस झाला. हाताच्या बाटलीत चहासारखं गढूळ पाणी आणि यंत्राच्या बाटलीत पाहुण्यांपुढे ठेवावं इतकं नितळ. कंपनीचा मेकॅनिक आला, त्याने पंप बदलला, नळी खाली घेतली, वर घेतली आणि शेवटी हात टेकले. साहेबांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या.

"बाई, तुम्ही मोजायचं यंत्र मागवलंत की पाणी शुद्ध करायचं?"

त्या दिवशी जाळी पुन्हा गॅलरीत आली आणि सूनबाई तोंड फिरवून बसली. पाण्यात गाळ, गाळात पाणी असं तिचं काहीतरी पुटपुटणं सासऱ्यांच्या कानावर पडलं. त्यांनी हळूच जाळी उघडली, तर अस्तराला हा एवढा चिखल! आपण नसतो तर पोरीचं काय झालं असतं, या विचाराने त्यांना भरून आलं. त्यांनी अस्तर स्वच्छ धुतलं आणि वरून आणखी एक पदर शिवला.

तिसऱ्या पावसात हाताची बाटली खुद्द साहेबांनी भरली, छत्री उलटी होईपर्यंत. यंत्राचं पाणी आणखीच नितळ निघालं. साहेबांनी यंत्र परत पाठवायला बांधून ठेवायला सांगितलं. मेकॅनिकने नळी सोडवली, जाळी उघडली आणि आतून दुहेरी शिवणीची, चिखलाने माखलेली थैली बाहेर ओढली. कापड सूनबाईच्या नवऱ्याच्या जुन्या पँटचं होतं आणि टाका तर तिने कुठेही ओळखला असता. तिने कपाळाला हात लावला. मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं.

"साहेब, हा चिखल वाळवून वजन करू द्या. एवढंच करू द्या."

साहेबांनी करू दिलं. अस्तरावरचा गाळ आणि यंत्राच्या बाटलीतला गाळ एकत्र धरला, तर हाताच्या बाटलीशी तो शंभरात अठ्ठ्याण्णव जुळला. साहेबांनी आकडा तीनदा तपासला, यंत्र पास केलं आणि अहवालात 'फरकाचं कारण' या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: घरगुती अस्तर.

घरी येऊन तिने थैली सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी आपला टाका ओळखला.

"चुकलं का गं माझं?"

"यंत्र पास झालं, बाबा. शंभरातले दोनच कमी पडले."

सासऱ्यांनी चष्मा चढवला, थैली उलटी केली आणि एक कोपरा चिमटीत धरून ओढून बघितला.

"ते दोन इथून गेले. टाका ढिला आहे बघ."

टाक्यातून निसटलेला गाळ बाटलीतच आला असता आणि मोजलाही गेला असता, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण गेले दोन महिने या माणसाने तिची काळजी तिच्याहून जास्त केली होती. तिने सुईत दोरा ओवून त्यांच्या हातात दिला.