बाळासोंचा डावा हात

साहेब, बाळासोंचा डावा हात तुम्ही घालवलात. पेठेत सगळे अमरसिंह वस्तादाचं नाव घेतात, पण वस्तादानं हात नुसता ओढला. घालवला तुम्ही, पंख्याखाली बसून, एका परिपत्रकावर सही करून. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. एक शब्द खोटा निघाला तर भर चौकात कान धरून उभा राहीन.

बाळासोंनी एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी डावा खांदा आखडला. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथं अडायचा, भर रस्त्यात म्हैस बसावी तसा. हॉर्न वाजवून उपयोग नाही. जेवण, दाढी, विंचरणं उजव्या हातावर भागायचं. शर्ट भागायचा नाही. शर्ट घालायला थोरली बहीण आक्का लागायची. एकसष्ट वर्षांचा माणूस, आणि सत्तरीची बहीण म्हणतेय, "मी बाही धरतो, तू हात घाल. ल्हानपणी पण असाच आकडायचास."

बाळासोंनी बाहेर पडणं सोडलं. बनियनवर घराच्या पुढच्या सोप्यात बसून राहायचे. झोप गेली, बोलणं गेलं. आक्कानं विचारलं तर म्हणायचे, "स्वतःचा शर्ट घालता येत न्हाय, त्या माणसानं जगून काय करायचं?"

"शर्टाबिगर शेतात राबणारी माणसं जगतात की," आक्का म्हणायची. पण आत जाऊन डोळे पुसायची.

शेवटी तिनंच त्यांना मधुवंतीकडं नेलं. ही मधुवंती म्हणजे आखडलेले सांधे सोडवणारी डॉक्टरीण. वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान. ती म्हणाली, "काका, हात सैल सोडून उभं राहायचं आणि हळू झुलवायचा. दुखायला लागलं की थांबायचं. किती वर गेला ते मोजायचं नाही."

"मग?"

"मग काही नाही. उद्या परत."

बाळासोंना ही सरळ फसवणूक वाटली. आमच्याकडं नाकातून पाणी आलं नाही तर तो रस्सा नव्हे, आणि अंगातून पाणी आलं नाही तर तो व्यायाम नव्हे. पण घरी बसून काय होत होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ते तालमीमागच्या मोकळ्या मैदानात गेले, कडुनिंबाखाली उभे राहिले आणि हात झुलवू लागले. झुलवू लागले म्हणजे काय, माशी उडवायला म्हशीनं शेपूट हलवावी आणि निम्म्यातच तिला कंटाळा यावा, तसं.

चार दिवसांनी त्यांना झोप लागली. आठव्या दिवशी शेजारच्या शालूबाई आल्या, गुडघा घेऊन. दहाव्या दिवशी कंबर घेऊन गुंडू आला, एसटीतला जुना कंडक्टर. आक्का सोबतीला म्हणून यायची, ती पण झाडाला टेकून एकेक पाय उचलायला लागली. कुणाचा पाय कुणाच्या पायाशी जुळत नव्हता. गुंडू मध्येच चहाला जायचा. आक्का पाय हलवत मेथी निवडायची. तासाभरानं चौघं घरी जायची आणि दिवस बरा जायचा. एवढंच.

चाळिसाव्या दिवशी बाळासोंनी स्वतः शर्ट घातला. बाही उलटी गेली होती. आक्का बघत राहिली आणि म्हणाली, "उलटाच राहू दे. आज कोण काय म्हणतंय बघतो मी."

साहेब, इथंच थांबलं असतं तर? पण पेठ आहे. तालमीच्या मैदानात माणूस उगीच हात हलवतो, हे पेठेला पटत नाही.

"कशाची तयारी चालल्या, बाळासो?"

"कशाची न्हाय. बरं वाटतंय."

"सांगू नका, सांगू नका. पलीकडच्या पेठेला कळंल."

आठवड्याभरात बाळासो दिल्लीला कुठल्याशा ज्येष्ठांच्या स्पर्धेला निघालेत, असं ठरलं. दोन घरांतून बदामाची थंडाई आली. बाळासोंना ती पचत नव्हती, पण नाही म्हटलं की लोक म्हणायचे, "बघा, पथ्य चालू हाय."

आणि त्याच आठवड्यात तुमचं परिपत्रक आलं. 'सौम्य हालचाल अभियान'. वय वर्षं पंचावन्नच्या पुढं, पेठवार संघ, गुण शंभर. हाताचा कोन चाळीस, लय तीस, गणवेश वीस, चेहऱ्यावरचं समाधान दहा. साहेब, समाधानाला दहापैकी गुण देणारा माणूस तुमच्या खात्यात कोण आहे? त्याला एकदा बघायचं आहे.

पलीकडच्या पेठेनं चाळीस माणसांची नावं नोंदवली. झालं. आमच्या चौकात फलक लागला, दुमजली. चेहरा बाळासोंचा, आणि त्याखाली दोन्ही हात आभाळाला भिडलेले, दंडावर बेटकुळ्या. हात कुठल्या पैलवानाचे होते देव जाणे. आक्का खाली उभी राहून बराच वेळ बघत होती. "बाळू, हा तू न्हवंस," ती म्हणाली, "ह्याला शर्ट बसायचा न्हाय."

तालीम वस्ताद अमरसिंहची. माणूस मनानं मऊ, पण आपल्या मैदानात आपल्याला न विचारता स्पर्धेची तयारी झाली याचं त्याला वाईट वाटलेलं. त्यानं सगळं ताब्यात घेतलं, पेठेतले आणखी म्हातारे गोळा केले. पहाटे पाच, शिट्टी, रांग, गणवेश.

"वस्ताद, मला डॉक्टरनं मोजू नको म्हणून सांगितलंय," बाळासो म्हणाले.

"तुमी मोजू नका. मी मोजतो."

शालूबाईंच्या गुडघ्यानं रांग वाकडी होते म्हणून त्यांना काढलं. त्या चप्पल घालून गेल्या, परत कधी आल्या नाहीत. आक्का राखीव. गुंडू तिसऱ्या पहाटे लेकीकडं पेठ वडगावला पळाला. चौघांतले राहिले बाळासो. त्यांना काढता येईना, ते फलकावर होते. खांदा पुन्हा ठणकायला लागला. झोप परत गेली. "नाव मागं घ्या," असं त्यांनी दोनदा सांगितलं. वस्ताद म्हणाला, "पेठेचा प्रश्न हाय, दादा. माझ्यासाठी एवढं करा." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाळासो परत रांगेत जाऊन उभे राहिले.

स्पर्धेला तुम्ही होतात, साहेब. पहिल्या रांगेत, सोफ्यावर. तुमची माणसं कोनमापक घेऊन म्हाताऱ्यांच्या काखा मोजत फिरत होती. बाळासोंचा हात खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला. दुखलं, म्हणून त्यांनी थांबवला. चाळीसपैकी अठरा. पण पलीकडच्या पेठेतले दोघं चक्कर येऊन पडले, त्यांची लय गेली, आणि आमचा संघ दीड गुणानं जिंकला.

हलगी सुरू झाली. बाळासोंना मंचावर बोलावलं. डोक्याला फेटा, अंगावर शाल, उजव्या हातात नारळ. पुढं जे झालं ते आमच्या तांबड्या मातीत जन्मलेल्या माणसाकडूनच होईल. जिंकलेल्या गड्याचा हात वस्तादानं धरून वर करायचा असतो. अमरसिंहनं तीस वर्षं तेच केलंय. उजव्या हातात नारळ होता, म्हणून त्यानं डावा धरला आणि सगळ्या पेठेला दिसेल असा, कानाच्या वर, एका हिसक्यात नेला.

मंचाजवळच्यांना आवाज आला. त्यांना वाटलं, नारळ फुटला.

बाळासो ओरडले. लोकांना वाटलं, डरकाळी फोडली. शिट्ट्या वाजल्या. चौघांनी त्यांना खांद्यावर घेतलं. "खाली ठेवा, हात गेला," ते सांगत होते, आणि खाली नाचणारा म्हणत होता, "दादा रंगात आल्यात, आणखी गुलाल टाका." दोन गल्ल्या आणि एक देऊळ अशी मिरवणूक झाली. आक्का मागून पळत होती. सत्तर वर्षांची बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं धरून. कुणी थांबलं नाही, उलट तिच्याही तोंडाला गुलाल फासला.

खांदा निखळला होता, आतलं बरंच फाटलं होतं. दीड महिना हात गळ्यात. वस्ताद रोज दारात येऊन उभा राहायचा, आत यायचा नाही. गळ्यातली पट्टी निघाली तेव्हा मधुवंतीनं हात तपासला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काका, परत पहिल्यापासून. हळूहळू झुलवायचा."

बाळासो आक्काकडून शर्ट घालून मैदानात गेले. मैदानाला आता कुंपण आणि दार होतं. दाराला कुलूप होतं. पाटीवर लिहिलं होतं, अभियानाचं अधिकृत सरावकेंद्र, प्रवेश परवान्यानं.

परवाना काढायला ते तुमच्या कार्यालयात आले. खिडकीत मोना नावाची पोरगी होती. तिनं अर्ज पुढं ओढला.

"प्रकार कुठला, मामा?"

"हात हलवतो."

"कोन किती अपेक्षित?"

"जाईल तेवढा."

"आकडा लागतोय."

"ठाऊक न्हाय."

"बरं, उद्दिष्ट सांगा. स्पर्धा, पदक, का वजन कमी?"

"बरं वाटतं म्हणून," बाळासो म्हणाले.

पोरगी वाईट नव्हती, साहेब. तिनं अर्ज उलटून मागची बाजू बघितली. शेजारच्या बाईला विचारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मामा, त्याचा रकानाच न्हाय हो. आणि रकाना रिकामा ठेवला तर अर्ज बाद होतोय."

बाळासोंनी अर्जाची घडी घातली. एका हातानं घडी नीट पडत नाही. त्यांनी ती खिशात कोंबली आणि घरी आले. आता सोप्यात बसतात, बनियनवर. आक्का शर्ट आणून समोर उभी राहते, तेव्हा ते भिंतीकडं तोंड करतात.

तो अर्ज या कागदाला जोडला आहे, कोरा. साहेब, माणसाला नुसतं बरं वाटावं म्हणून हात हलवायचा असेल, तर त्यानं ते तुमच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? लेखी कळवा.