डेलमारच्या घशातली पिशवी

"पुन्हा वाजलं," अर्डिस ओठ न हलवता पुटपुटली. "तेही मौन प्रार्थनेत."

डेलमारने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, डोळे मिटूनच आवंढा गिळला. त्यामुळे ते आणखी एकदा वाजलं. गुळुक्, गुळगुळ, गुळुक्. चर्चमधल्या साठ माणसांनी एकदम भिंतीलगतच्या, गरम पाण्याच्या नळ्यांच्या हीटरकडे पाहिलं.

आम्ही अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटाची माणसं. शेजाऱ्याचा घसा वाजला तर आम्ही हीटर दुरुस्त करून घेतो. त्या हिवाळ्यात प्लंबर दोनदा येऊन गेला. "हीटर ठणठणीत आहे," असं त्याने सांगितल्यावर आम्ही त्याला कॉफी पाजली आणि तिसऱ्यांदा बोलावलं.

डेलमारच्या तोंडाच्या वासाचंही तेच. चर्चच्या गाणाऱ्यांमध्ये डेलमारच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. "खर्जाला जरा मोकळी जागा लागते," असं म्हणून गाणी बसवणाऱ्या मर्लिसबाईंनी ऐन जानेवारीत त्याच्या डोक्यावरची खिडकी उघडली. डेलमारला तो मान वाटला.

फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला. तपासणीत कळलं, अन्ननलिकेच्या तोंडाशी एक पिशवी झाली आहे. निम्मं जेवण तिथेच मुक्कामाला थांबतं, नासतं आणि रात्री वाट चुकून फुप्फुसात उतरतं. उपाय होता. तोंडातून दुर्बीण घालायची, पिशवी आणि नळी यांच्यामधली भिंत कापायची. गळ्यावर ओरखडासुद्धा नाही, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी घरी.

हे काम करणाऱ्या डॉ. कपूटो शहरात नुकत्याच आल्या होत्या, थेट न्यू जर्सीहून. तिकडची माणसं म्हणे मनात असेल तेच बोलतात. आमचे गावातले जुने डॉक्टर 'फारसं काही नाही' ऐकलं की ॲम्ब्युलन्सला फोन करायचे. या बाईंना ते कुठून ठाऊक असणार!

"गिळायला त्रास?" त्यांनी डेलमारला विचारलं.

"फारसा नाही."

"खाल्लेलं परत वर येतं?"

"कधीमधी." त्याच सकाळी रात्रीचे वाटाणे जसेच्या तसे वर आले होते. आदल्या सकाळी गाजर.

"वजन कमी झालंय?"

"पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली. चामडं सैल पडलंय."

"तोंडाला वास?"

डेलमार हसला. "कुणी बोललं तर नाही बुवा."

डॉक्टरांनी अर्डिसकडे पाहिलं. अर्डिसने भिंतीवरच्या चित्राकडे.

"बदक छान काढलंय," ती म्हणाली.

"मग राहू दे," डॉक्टरांनी फाईल मिटली. "त्र्याहत्तर वय, वर भूल द्यायची, न्यूमोनिया बरा झालाय आणि एरवी त्रास तर काहीच नाही. वर्षभराने या."

डेलमार उभा राहिला. त्याच्यामागोमाग, जरा उशिराने, त्याची पँट उठली. "बरं झालं की," तो म्हणाला. "थँक यू हं." चेहरा मात्र फाशी सुनावल्यासारखा. अर्डिसनेही आभार मानले आणि घरून आणलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा डॉक्टरांच्या हातात ठेवला.

आमच्यात निरोप अर्धा तास चालतो. खुर्चीपाशी थंडीबद्दल बोलून झालं, टेबलापाशी रस्त्यावरच्या बर्फाबद्दल, दारापाशी हरणांबद्दल. डॉक्टर एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने दार धरून ताटकळल्या होत्या.

"अजून काही सांगायचंय का?" शेवटी त्यांनी विचारलं. इतकं सरळ आमच्याकडे कुणी विचारत नाही.

"छे छे," डेलमार म्हणाला.

"वास येतो," अर्डिस म्हणाली. आणि स्वतःच दचकली.

"कुणाला?" डेलमारने विचारलं.

"तुला. मागच्या ईस्टरपासून. घाण वास येतो रे, डेलमार."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतं का कुणी असं!"

"तू शिवणाच्या खोलीत झोपतेस... ते माझ्या घोरण्यामुळे ना?"

"तू घोरतोस कुठे?" अर्डिसने कोटाची बटणं लावली, मग परत काढली. "डॉक्टर, हा माणूस मरायला टेकलाय आणि तुम्हाला थँक यू म्हणतोय. वर्षभर कसल्या थांबताय? रात्री याचा श्वास अडकला तर मला तिकडे ऐकू येणार नाही. म्हणून मी दार उघडं ठेवून जागी असते, रोज. ती पिशवी कापून टाका. मला माझ्या माणसाशेजारी झोपायचंय."